रंग येईपर्यंत थांबा

इकडेतिकडे काय बघताय? मी बोलतेय, पाणीवाल्या ताईंच्या पिशवीतून. पुढच्या कप्प्यात जुन्या पायमोज्यात गुंडाळलेली करंगळीएवढी काचेची नळी आहे ना, ती मी.

भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही बहिणी शेकड्यांनी होतो. कुणी औषधाच्या कारखान्यात गेली, कुणी शाळेत. माझ्या वाट्याला पाणीपुरवठ्याचं ऑफिस आलं. रोज सकाळी ताई माझ्यात नळाचं पाणी भरतात, बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब टाकतात, हलवतात आणि जरा थांबतात. मी पिवळी झाले की पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन आहे, खुशाल प्या. कोरीच राहिले तर त्या पाण्याचा भरवसा नाही. कुणाला काय वाटेल याची मला भीड नाही.

ताईंच्या घरी त्यांचे सासरे असतात. जन्मभर शिवणयंत्र चालवलेला माणूस, आता हातात कायम फोन. आलेला निरोप चार जणांना पाठवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरातले हसायचे आणि सोडून द्यायचे.

मग पूर आला. दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांच्या फोनवर निरोप आला की टाकीत विष उतरलंय, नळाचं पाणी तोंडाला लावू नका, एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, सगळ्यांना पाठवा. त्यांनी तो लगोलग सगळ्यांना पाठवला. कोण डॉक्टर, कुठली टाकी, कधीची गोष्ट, कशाचाच पत्ता नाही! पण भीतीपुढे एवढं विचारतंय कोण? लोकांनी भरलेल्या बादल्या ओतून दिल्या आणि मागच्या गल्लीतल्या उघड्या विहिरीवर रांगा लावल्या.

ताई तडक टाकीवर गेल्या. तिथलं पाणी घेतलं तर मी छान पिवळी झाले. विहिरीचं घेतलं तर कोरीच राहिले. त्यांनी घरोघरी फिरून लोकांना विहिरीवरून परत फिरवलं. स्वतःच्या घरी मात्र पोहोचायला उशीर झाला. आजोबांनी काळजीपोटी धाकट्या नातीला, म्हणजे ताईंच्या लेकीला, विहिरीचंच पाणी पाजलं होतं. दोन दिवसांत पोर जुलाबांनी मलूल झाली आणि तिला दवाखान्यात सलाइन लावावं लागलं.

ताईंनी आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाल्या, "बाबा, यापुढे तुमच्या फोनवरचं काहीही मी खरं मानणार नाही."

खरं सांगते, मला म्हाताऱ्याची दया आली. नातीच्या उशाशी बसायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

पोर दवाखान्यात गेल्याच्या तिसऱ्या सकाळी ताई टाकीवर होत्या. मी नुकतीच पिवळी झाले होते, त्यांच्या जिवाला जरा स्वस्थता होती. तेवढ्यात सासऱ्यांचा निरोप आला, एकट्या ताईंनाच: "दवाखान्याच्या मागचा नळ. आज नऊ वाजता मी स्वतः तांब्या भरला. गटाराचा वास येतो. कुणाला पिऊ दिलं नाही. माझी चूक असेल तर सांग."

ताईंनी वाचलं आणि फोन पिशवीत टाकला, माझ्या शेजारीच. टाकीचं पाणी चांगलं असताना नळाला काय धाड भरलीय, असं पुटपुटल्या. चार पावलं गेल्या असतील, पुन्हा फोन काढला. पुन्हा वाचलं. कुठला नळ ते होतं, वेळ होती, बघणारा कोण तेही होतं. सगळ्यांना पाठवा, असं मात्र कुठेच नव्हतं.

त्या दवाखान्याकडे वळल्या. मागच्या नळाचं पाणी भरलं, दोन थेंब टाकले. मी कोरी. नळ थोडा वेळ वाहू दिला, पुन्हा भरलं. पुन्हा कोरी! ताईंनी मला घाईने नळाखालून ओढलं, तशी माझी कड नळाला लागून टवका उडाला. पुन्हा कधी असं कोरं राहणं नको, असं वाटलं मला. आत त्यांची लेक झोपली होती आणि तिच्यासारखी आणखी अकरा पोरं होती.

त्यांनी नळ बंद करवला, नर्सला सांगून सगळे तांबे रिकामे करवले. भिंतीमागे पाइप तडकून गटाराचं पाणी आत शिरत होतं. दुपारपर्यंत फिटरने तो बदलला.

मग ताई सासऱ्यांशेजारी बाकावर टेकल्या.

"तू विश्वास ठेवशील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

"ठेवला नव्हता बाबा. तपासायला आले होते."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "तेवढंच हवं होतं," म्हणाले.

नात आता घरभर धावते. सासरे अजून फोन घेऊन बसतात, पण आलेल्या प्रत्येक निरोपाला उलट विचारतात, कुणी पाहिलं, कुठे, केव्हा? दोन जुने मित्र कंटाळून बोलेनासे झालेत.

माझी कड फुटलीय, म्हणून ऑफिसात नवी नळी येणार आहे. माझं काही मागणं नाही. फक्त घाबरवणारा निरोप आला की पुढे पाठवायला बोट दाबायच्या आधी एवढं करा. रंग यायला लागतो तेवढा वेळ थांबा.