साहेबांचं पूर्ण नाव

"बाळंतपणाच्या रजेवरून आलात, पण डोकं तारनाक्याला माहेरीच विसरलात वाटतं," हिम्मतराव सगळ्यांदेखत म्हणाले. त्रिवेणीचा प्रोग्रॅम तिच्या कॉम्प्युटरवर बिनबोभाट चालायचा, पण साहेबांच्या कॉम्प्युटरवर 'फाइल सापडत नाही' म्हणून बंद पडायचा. आज चालला नाही तर तिला प्रोजेक्टवरून काढणार होते.

तिनं त्यांच्या स्क्रीनकडे निरखून पाहिलं. तिचा प्रोग्रॅम ठेवायला साहेबांनी फोल्डरात फोल्डर घातले होते आणि प्रत्येकाला आपलं पूर्ण नाव दिलं होतं: हिम्मतराव व्यंकटराव देशमुख चिक्कडपल्लीकर.

"सर, फाइलचा पत्ता फार लांब झालाय. एवढा लांब पत्ता विंडोजला झेपत नाही. तुमचं नाव छोटं करावं लागेल."

"माझं नाव? तुमच्या फाइलचं कापा!"

"ते चार अक्षरांचं आहे, सर. त्यातलं काय कापू?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. दातओठ खात हिम्मतरावांनी प्रत्येक फोल्डरातून आधी चिक्कडपल्ली काढली. चालेना. मग आडनाव गेलं, शेवटी वडीलही गेले, तेव्हा कुठं प्रोग्रॅम चालू झाला.

"राहा प्रोजेक्टवर," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "पण यापुढं माझ्याशी बोलायचं नाही."

"नक्को तर नक्को, सर," त्रिवेणी म्हणाली आणि आपल्या खुर्चीकडे वळली.