एक टोला म्हणजे पाणी वाढवा

मास्तर तिसऱ्यांदा दारात उभे राहिले, तेव्हा धोटाबाईंनी ठरवूनच टाकलं की या माणसाच्या पोटात काहीतरी आहे. पहिल्यांदा आले ते गिरणीचा इतिहास लिहायला. दुसऱ्यांदा आले छत्री विसरली म्हणून. छत्री विसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी येतो हो, आठवडा उलटल्यावर नाही!

धोटाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मागावर धोटा जसा इकडून तिकडे पळतो तशी त्यांची जीभ, म्हणून त्या गिरणीत माग चालवायच्या तेव्हा सोबतच्या बायकांनी ठेवलेलं. गिरणी बंद पडून छत्तीस वर्षं झाली, जीभ मात्र चालूच होती.

गिरणी पाण्यावर चालायची. नदीचं पाणी पाटातून यायचं, झडपेखालून सुटायचं आणि मोठं लाकडी चाक फिरवायचं. त्या चाकाच्या जोरावर वर साठ माग धडधडायचे. झडप वर-खाली करायचं काम धोटाबाईंच्या वडिलांचं. मागांच्या खडखडाटात हाक कोणाला ऐकू जाणार? म्हणून विणकामाच्या खोलीतून खालच्या झडपेच्या खोपीपर्यंत एक दोरी नेली होती आणि तिच्या टोकाला घंटा. एक टोला म्हणजे पाणी वाढवा, दोन म्हणजे कमी करा. घंटा वाजली की हात चालवायचा, डोकं नाही, असा नियमच होता.

नदी फुगली होती त्या दिवशी झडप दोन हात वर गेली, चाक पिसाळलं, मुख्य दांडा मोडला आणि शंभर वर्षांची गिरणी बसली ती कायमची. "घंटा वाजली! एकदा वाजली!" असं वडील दुपारभर घसा फोडून सांगत होते. दोरी ओढल्याचं कोणीच कबूल केलं नाही. आणि संध्याकाळी वडिलांनी एकाएकी शब्द फिरवला. म्हणाले, माझा डोळा लागला होता, झोपेत चूक झाली. पुढे मरेपर्यंत गावानं त्यांना 'झोपाळू' म्हणूनच हाक मारली.

धोटाबाईंचा संशय तेव्हापासूनचा. मॅनेजरला मोठी ऑर्डर पुरी करायची घाई होती. दोरी त्यानंच ओढली असणार, आणि वडिलांना दमही त्यानंच दिला असणार. आता गिरणीचं संग्रहालय होणार, दारात इतिहासाचा फलक लागणार, आणि तो लिहिणारे मास्तर कोण? तर मॅनेजरच्या कारकुनाचे चिरंजीव. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

"फलकावर माझ्या वडिलांबद्दल काय लिहिलंत?" त्यांनी सरळ विचारलं.

"काहीच नाही. 'चाक मोडलं' एवढंच."

"का? कोणाला झाकताय?"

मास्तर गडबडले. "ताई, एक विचारू? गिरणीत पावसात भिजून यायचात, तेव्हा ओले कपडे कुठे टाकायचात?"

"खुंट्यांवर. हा काय प्रश्न झाला?"

"आणि खुंट्या भरलेल्या असल्या तर?"

"विषयाला फाटे फोडू नका, मास्तर. ती पिशवी मघापासून पोटाशी धरलीय, तिच्यात काय आहे?"

"काही नाही."

एवढं पुरे होतं. धोटाबाईंनी पिशवी ओढूनच घेतली. आत एक पत्र्याचा डबा होता.

"खोपीच्या कोनाड्यात सापडला," मास्तर खाली बघत म्हणाले.

डब्यात एक शाल होती. कसर लागलेली, लाल काठाची. धोटाबाईंची बोटं काठावरून फिरली आणि एका चुकलेल्या धाग्यापाशी थांबली. त्यांनी विणलेली ही पहिली शाल. त्या गोंधळात हरवली म्हणून त्या रडल्या होत्या, तेव्हा वडील म्हणाले होते, "जाऊ दे पोरी, पाण्यात गेली असेल."

शालीला एक चिठ्ठी टाचलेली होती. अक्षर वडिलांचं. दोनच शब्द: 'दोरीवरून काढली.'

धोटाबाईंना ती सकाळ लख्ख आठवली. त्या चिंब भिजून आल्या होत्या, खुंट्या भरलेल्या होत्या. जड ओली शाल त्यांनी दोरीवर टाकली आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून दोन्ही हातांनी खाली ओढली. खाली घंटा वाजलेली वर कोणाला ऐकू येणार? संध्याकाळी वडील दोरी तपासत वर आले असतील. छत्तीस वर्षं त्या चोर शोधत होत्या, आणि वडिलांना तो पहिल्याच दिवशी सापडला होता.

"लाल काठाची शाल हरवल्याचं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, तेव्हाच ओळखलं. मला हे दाखवायचं नव्हतं," मास्तर म्हणाले. "आणि लपवूनही ठेववेना. छत्री मुद्दामच विसरलो होतो."

धोटाबाईंनी शाल मांडीवर पसरली. त्यांना वडिलांचा राग आला, आणि मग फार रडू आलं.

"फलक रंगवायला गेला का?"

"उद्या जाईल."

"मग लिहून घ्या. घंटा वाजली होती. झडपवाला जागा होता."

मास्तरांनी लिहिलं आणि पेन खिशाला लावायला गेले.

"थांबा. दोरी कोणी ओढली ते राहिलं."

"एवढं पुरे आहे, ताई."

"पुरे कसं? माझं नाव घाला. आणि धोटाबाई नको. वडिलांनी ठेवलेलं घाला."