पहिल्या नळीतलं पाणी

मी एक परीक्षानळी. काचेची, अंगावर मार्करने '१' लिहिलेली. तोंडात कायम कापसाचा बोळा, त्यामुळे कळतं सगळं पण बोलता येत नाही. आज बोलणार आहे.

मदन महलजवळच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत मी राहते. रोपं मरू नयेत म्हणून नारळाच्या भुशात मित्रबुरशी कालवतात. ती किती जिवंत आहे ते इथे मोजतात. उकळलेल्या पाण्यात, म्हणजे माझ्यात, चिमूटभर भुसा टाकायचा, हलवायचं, थेंब काचेच्या बशीत पसरायचा. तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके मोजायचे.

मोजणारी समिधा. सहा महिन्यांची लेक दीक्षितपुऱ्यात सासूबाईंजवळ ठेवून येते. बाळाच्या बाटल्या उकळते तशीच मलाही कुकरमध्ये उकळते. मग घरी पळायची घाई. कुकर उघडला की लगेच भुसा माझ्यात! आत बुरशी पोळून जाते. हिच्या हातात जाड मोजे, हिला काय कळणार?

पहिल्यांदा शून्य. दुसऱ्यांदाही शून्य. कोऱ्या बशा पाहून प्रयोगशाळेचे रत्नाकर सर म्हणाले, "काम बाकी एकदम साफ आहे हं तुमचं."

रोपवाटिकेचे योगेंद्र भैया दारात उभे. "दीदी, काहून शून्य येऊन राहिलं? माझ्या हातानं कालवलं मी. आता शून्य आलं तर माझा माल कोणी घेणार नाही."

"माझंच काही चुकत असेल," ती म्हणाली. तराजू तपासला, बशा बदलल्या. मला कोणी विचारलं नाही.

तिसऱ्या वेळी मी तिच्या हातात आणि कानाशी सासूबाईंचा फोन. "अगं, बाटली तोंडाला लावू देत नाही ही. रडून राहिली नुसती."

"आई, दूध कढत असेल. आधी मनगटावर थेंब टाकून पाहा ना!"

बोलता बोलता ती थांबली. मोजा काढला, बोळा काढला, मला मनगटावर तिरपं केलं.

"आई गं!"

"काय झालं?"

"काही नाही. मीच... दोन्ही वेळा कढत पाण्यात..."

त्या दिवशी मला तासभर निवू दिलं. तिसऱ्या दिवशी बशीत त्रेचाळीस हिरवे ठिपके! तिने आधी योगेंद्र भैयांना फोन लावला. "भैया, बुरशी जिवंत आहे. चूक माझी होती."

 पलीकडून, "अच्छा. अर्धा माल तर काल उकिरड्यावर टाकला मी, दीदी."

"हात लावू नका त्याला. मी येते."

आता मी तिच्या पर्समध्ये आहे, दुधाच्या रिकाम्या बाटलीशेजारी, गार पाणी पोटात घेऊन. ऑटो उकिरड्याकडे निघाली आहे. तिथल्या भुशात किती बुरशी जिवंत उरली असेल, मला ठाऊक नाही. एवढंच म्हणते: मला मनगट नाही, तुम्हाला आहे. घाई करण्याआधी त्याला एकदा विचारत जा.