अख्खी गोळी

कल्पना करा, तुमच्या हातात बागेला पाणी घालायची नळी आहे. तिचं तोंड बोटाने दाबलंत, की धार थेट वरच्या खिडकीतल्या कुंडीपर्यंत जाते. बोट काढलंत, की पाणी पायाशीच सांडतं. आता तशाच नळ्या तुमच्या अंगात आहेत, टाचेपासून टाळूपर्यंत, काही तर केसाहून बारीक.

हे सारं एका नातीला सकाळी आजीबरोबर औषधाच्या दुकानात गेल्यावर कळलं. तिच्या आजीला जिना चढताना धाप लागायची. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आखडल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली होती.

दुकानातल्या मावशींनी विचारलं, "आजी, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात, ती गोळी घेता का?"

"मी नाही. आमचे हे घेतात."

"मग ती त्यांच्याच खिशात राहू दे. दोन्ही गोळ्या नळ्या सैल करतात. एकीवर दुसरी घेतली, तर रक्तदाब इतका कोसळतो की डोक्यापर्यंत रक्तच चढत नाही. तुमची ही गोळी काही पुरुष दुसऱ्या, खासगी कारणासाठी घेतात आणि लाजून डॉक्टरांना सांगत नाहीत. तिथेच घात होतो."

नात पाकिटातल्या गोळीकडे बघतच राहिली. एवढीशी, मुगाच्या दाण्याएवढी. आणि साऱ्या अंगाची दारं उघडणार.

आजी-आजोबांच्या घरी सगळं निम्मं-निम्मं. केळं निम्मं, वर्तमानपत्रसुद्धा मधोमध फाडलेलं. आजी नवऱ्याला निम्मेराव म्हणायची.

आजीने घरी आल्याआल्या गोळी घेतली. दुपारी दोघं नातीला घेऊन भाजी आणायला गेली. परतताना जिन्यातच आजी छाती धरून मटकन खाली बसली. आजोबांनी खिशातली आपल्या गोळ्यांची बाटली काढली.

"आ कर. आज निम्मी नाही, अख्खी तुझी."

आजीला बोलवेना. तिने नुसती मान हलवली. आजोबांना वाटलं, नेहमीसारखी नको नको करतेय. गोळी तिच्या ओठांशी गेली.

नातीला ती नळी दिसली. खिडकीपर्यंत चढलेली धार, आणि मग पायाशी सांडलेलं पाणी.

तिने आजोबांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "आजोबा, नको. आजीने तिची गोळी घेतलीय. दोन्ही मिळून दाब पाडतात."

"ऐका पोरीचं, निम्मेराव," आजी कशीबशी म्हणाली.

आजोबांनी मूठ मिटली. नातीने त्यांच्या खिशातून फोन काढला, रुग्णवाहिका बोलावली, आणि पत्ता सांगून झाल्याबरोबर आजीच्या गोळीचं नाव सांगितलं.