डाव्या चाकामागची तार

भाऊबीज होती. मणक्याच्या ऑपरेशननंतर आईला त्या दुपारी घरी सोडणार होते. हॉस्पिटलात नेताना ॲम्ब्युलन्सच्या प्रत्येक धक्क्याला ती कळवळली होती. म्हणून आणायला दीपकमामाची मोठी गाडी ठरली. तिचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन खड्डे आले की आपोआप मऊ होतं. पण सकाळीच लाल दिवा लागला आणि गाडी बैलगाडीसारखी कडक झाली.

भाऊबीजेनंतर तीन दिवसांनी येणाऱ्या लाभपाचमेच्या मुहूर्ताआधी सुरतेत गॅरेजचं शटर उघडत नाही. पांडेसरा भागातल्या छगनभाऊ मेकॅनिकनी मात्र उघडलं.

"धंदा पाचमेला. आज मावशीसाठी आलोय," ते म्हणाले. आईला ते मावशी म्हणत.

स्कॅनरवर पुढच्या डाव्या चाकाजवळच्या, उंची मोजणाऱ्या सेन्सरचा दोष आला.

"सेन्सर गेला. नवा पाचमेनंतरच मिळेल."

"आधी मोजू या?" मी फिजिक्सची, मीटर दिसला की राहवत नाही.

"मोजा की, मॅडम!"

सेन्सरला पाच व्होल्ट नीट येत होते. मग त्याची अर्थिंगची तार पाहिली. ती आणि गाडीचा पत्रा यांच्यात जवळजवळ शून्य व्होल्ट हवेत. मीटर मात्र दीडच्या आसपास नाचत होता.

"सेन्सर चांगला असेल, छगनभाऊ. ही तारच कुठेतरी खराब आहे."

त्यांनी चाक उतरवलं आणि तार हळूहळू चाचपत नेली. मी मीटरवर डोळे लावून बसले. एका जागी आकडा उसळला.

"थांबा!"

तिथे लोखंडी तारेनं लिंबू-मिरची आवळून बांधली होती. त्या लोखंडानं सेन्सरच्या तारेवरचं प्लॅस्टिक कापलं होतं, लिंबाचा रस आत झिरपला होता आणि तांबं हिरवं पडलं होतं.

"मामा, इथे?" मी मागे उभ्या मामाला विचारलं.

"पुढे बांधली की तुझी मामी हसते," मामा पुटपुटला. "म्हणून आत लपवली."

"दीपकशेठ, नजर बाहेरून येते. लिंबू आत बांधून काय फायदा?"

छगनभाऊंनी खराब तुकडा कापून नवी तार जोडली. दिवा विझला. आता तुम्ही घरी जा, सण आहे, असं मी म्हटलं, तर ते स्कॅनर मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले.

"मावशी घरी पोचू दे आधी."

येताना आई मागे आडवी होती, डोकं माझ्या मांडीवर. नवागामचे खड्डे आले तसा मी श्वास रोखला. गाडी त्यांवरून अलगद गेली. आईनं डोळेही उघडले नाहीत.

"रस्ता कधी केला गं?"

"आत्ताच, मावशी," छगनभाऊ स्कॅनरवरून नजर न काढता म्हणाले.