उष्ट्याचा डबा

बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्या थोरलीच्या डोळ्यांत तिची धाकटी जाऊ सहा महिन्यांपासून कुसळासारखी सलत होती.

वर्षापूर्वी दोघी सारख्याच होत्या. एकाच घरात दिलेल्या, पुढे भिंतीला भिंत लावून वेगळ्या चुली मांडलेल्या, एकाच भट्टीवर लागलेल्या, आणि तपासणीत दोघींच्याही रक्तात साखर निघाली. कामावरच्या पोरी म्हणायच्या, "आली बघा पिंपांची जोडी." तेव्हा थोरलीला राग यायचा नाही. दोघींना मिळून हिणवलं की हिणवणं निम्मं होतं. आता धाकटी वाळून शेंग झाली आणि थोरली एकटीच 'गोदाम' उरली.

कारखान्यात फुटकी बिस्किटं फुकट. टोपली भरून ठेवलेली असते, जाता-येता मूठ भरायची. धाकटी त्या टोपलीकडे ढुंकूनही बघायची नाही. ते न बघणंच थोरलीला झोंबायचं. मेली, वर्षापूर्वीपर्यंत खिसे भरून न्यायचीस की!

सोमवारी पुन्हा तपासणी होती. मागच्या महिन्यात थोरली भट्टीसमोर चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत सांगून टाकलं होतं, "साखर उतरली नाही तर भट्टी बंद. झाडलोटीला जायचं." नुसत्या रंगावरून बिस्किट कच्चं की भाजलेलं हे बावीस वर्षं सांगणारी बाई हातात झाडू धरणार! आणि तिच्या जागी उभी कोण राहणार? धाकटी.

थोरलीनं ठरवलं, जे खाऊन ती उतरली तेच खाऊन मी उतरेन. तिचंच.

दोघींचे डबे सारखे होते. सुनांत दुजाभाव नको म्हणून सासूनं एकाच दुकानातून घेतलेले. म्हातारीला आयुष्यात तेवढाच न्याय जमला. ओळखायला धाकटीनं आपल्या डब्याला लाल दोरा बांधला होता. थोरलीनं तो सोडला, स्वतःच्या डब्याला बांधला, आणि जेवणाची घंटा होताच धाकटीचा डबा घेऊन कपडे बदलायच्या खोलीत शिरली.

काकडीच्या चकत्या, उकडलेल्या शेंगा, दोन अंडी, अर्धं सफरचंद. झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली. 'काकडी कोवळी मिळाली. सावकाश खा.'

अक्षर दिराचं. ज्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून हिनं जेवू घातलं, त्याचं.

चिठ्ठी तिनं दोनदा वाचली. बावीस वर्षांत हिला कुणी 'खा' म्हणालं नव्हतं. नवरा बोलायचा ते एवढंच, की आज मीठ जास्त झालंय.

ती जेवणाच्या खोलीत आली तेव्हा धाकटी लाल दोऱ्याचा डबा उघडून नुसती बसली होती. पावाच्या कडा, दातांचे ठसे उमटलेलं अर्धं अंडं, कुणीतरी बाजूला सारलेला तेलकट बटाटा, गार भाताचं ढेकूळ.

"ताई, हे काय आहे?"

"दिसत नाही? डबा."

"हे उष्टं आहे."

"मग टाकून देऊ? अन्न टाकलं की पाप लागतं."

"ते पाप तुम्हालाच बरं लागतं! मोठ्या भावजींना नाही लागत? पोरांना नाही लागत?"

पलीकडून एक पोरगी फिसकन हसली. "गोदामात माल कुठून येतो ते आज कळलं!"

थोरलीच्या अंगाची लाही झाली. "तुझं बरंय बाई. तुला नवरा कापून देतो. नशीब लागतं."

"नशीब?" धाकटीनं नाक फेंदारलं. "चार दिवस चूल पेटवली नाही मी. पाचव्या दिवशी बरोब्बर सुरी सापडली त्यांना. आणि ऐका, माझा डबा रोज चोरलात ना, तरी तुमची साखर उतरायची नाही. संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा सगळ्यांची ताटं निपटणारच तुम्ही."

थोरलीला ती आधी आवडत नव्हती, आता बघवेना. नुसतं नशीब असतं तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. धमक होती, आणि ती धाकटीकडे होती.

संध्याकाळी नवरा जेवून उठता उठता म्हणाला, "थोडं राहिलंय गं. टाकू नकोस."

तिनं त्याचं आणि दोन्ही मुलांचं उरलेलं एका ताटात गोळा केलं आणि ताट त्याच्याच पुढ्यात आदळलं.

"हे काय?"

"टाकू नका. पाप लागतं."

मुलं खुदखुदली, मग बापाचं तोंड बघून गप्प झाली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"साखर चढलीय. सोमवारी भट्टी जाईल माझी. आजपासून ज्याचं उष्टं त्यानं संपवायचं."

ती पाठ करून बसली आणि स्वतःसाठी काकडी कापू लागली. चकत्या जाड, वाकड्यातिकड्या पडत होत्या. मागे ताट सरकल्याचा आवाज आला. जवळ ओढलं की दूर लोटलं, तिनं वळून पाहिलं नाही.

भिंतीपलीकडे धाकटीच्या बिऱ्हाडात सुरी चालली होती. टक, टक, टक, एकसारखी. उद्याचा डबा. मेल्याचा हात काय सफाईदार! आणि काकडी आजही कोवळीच मिळाली असणार.

हिची निबर निघाली. तिनं ती बियांसकट, कराकरा चावून खाल्ली.