सोळाच्या पुढे

मोजणीवाल्या बाईंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: खडा मेला की चुंबक थांबवायचं. गारठवलेल्या हेलियमच्या टाकीत धातूचा स्फटिक, म्हणजे खडा, सोडला की त्यातून वीज विनाअडथळा वाहायची, पडद्यावरची रेघ शून्यावर आडवी व्हायची. मग चुंबक चालू केलं की त्याचा जोर आपोआप हळूहळू वाढत जायचा. आकडा सोळावर गेला की रेघ ताडकन उठायची, म्हणजे विजेला अडथळा परत आला, आणि बाई वहीत लिहायच्या, 'मेला'. पुढे उगाच महागडं हेलियम कशाला उडवा? चुंबकानं मारलेल्याला चुंबक जिवंत करत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

खडे बनवायचे भट्टीकाका. एकेक खडा वाढायला तीन आठवडे लागत, आणि तोवर काका आजारी लेकराशेजारी बसावं तसे भट्टीशेजारी बसत. नापास खडा ते स्वतःच खलात कुटायचे आणि पूड पुन्हा भट्टीत घालायचे, कारण तो धातू सहजासहजी मिळत नसे. असे एकेचाळीस झाले.

"बाई, सोळाच्या पुढे जाऊन बघा की एकदा," काका दर वेळी म्हणत.

"मेलेल्याची नाडी किती वेळ बघायची, काका?" बाई दर वेळी हसत.

आजचा बेचाळिसावा. हाही सोळाला मेला तर संध्याकाळी भट्टी कायमची बंद आणि काका घरी, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

सोळाला रेघ उठली. बाईंना वाईट वाटलं, पण 'मेला' लिहिलंच. चुंबक थांबवायला हात पुढे केला, तोच बाहेर टेबलावर फोन वाजला. सासूबाई! त्यांचा चष्मा सापडत नव्हता. उशीखाली नाही, फ्रिजवर नाही. दहा मिनिटांनी तो त्यांच्याच डोक्यावर निघाला. बाई चडफडत आत आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. चुंबक चोविसावर पोचलं होतं, आणि रेघ शून्यावर होती.

तार तुटली असणार. नव्हती. यंत्र बिघडलं असणार. तेही ठणठणीत होतं. बाईंनी जोर उतरवला. विसाच्या खाली रेघ उठली, सोळाच्या खाली झोपली. परत चढवला. सोळाला मेलेला खडा विसाला पुन्हा जिवंत झाला.

त्या वही घेऊन धावतच भट्टीच्या खोलीत गेल्या. काका खल पुसत होते.

"काका, भट्टी विझवू नका! जिवंत आहे तो! चुंबकानंच मारला नि चुंबकानंच उठवला! विसाच्या पुढे जायला हवं होतं, बास!"

काका आधी हसले, अगदी तोंडभर. मग हळूहळू त्यांचं हसू मावळलं.

"आणि ते एकेचाळीस?"

बाईंनी त्यांतला एकही कधी सोळाच्या पुढे नेला नव्हता.

"मीच कुटले ना," काका खलाकडे बघत म्हणाले. "तुम्ही मेला म्हणालात, म्हणून कुटले."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी वही उघडली आणि बेचाळिसाव्या ओळीतला 'मेला' खोडला. मग पेन वरच्या ओळींकडे गेलं. त्यांतला कुठला खोडायचा, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.